पूजेतली हार्डडिस्क

चिखलीच्या बाजारात ‘पुष्पांजली फोटो’ हे दुकान कुणाला विचारलं तरी सापडतं. दुकान राजकुमारचं, त्याआधी त्याच्या बापाचं, पुंजाजींचं. पण कॉम्प्युटरपुढची खुर्ची मात्र सुनेची, स्नेहलताची. लग्नाचं शूटिंग राजकुमारनं करायचं आणि त्यातून पाहण्यासारखं काय ते स्नेहलतानं काढायचं, अशी वाटणी होती. खरं सांगायचं तर दुकान तीच चालवत होती, फक्त पाटीवर तिचं नाव नव्हतं.

तिच्या एका खोडीला घरातले सगळे हसत. दर रविवारी दुपारी ती घरून एक निळी हार्डडिस्क आणायची, तळहाताएवढी. ती कॉम्प्युटरला लावायची, आठवड्याभराची लग्नं, साक्षगंधं, बारशी तिच्यात उतरवायची आणि संध्याकाळी पर्समध्ये घालून परत घरी न्यायची. घरी ती डिस्क साड्यांच्या कपाटात, कुलूपबंद. दुकानात दुसरी, काळी डिस्क कॉम्प्युटरला कायमची जोडलेली असे. त्यातही सगळी कॉपी होतीच.

“माहेरचं सोनं बी इतकं जपत नाई हे,” राजकुमार म्हणायचा.

स्नेहलता हसण्यावारी न्यायची, पण ऐकायची नाही. चार वर्षांपूर्वी दुकानातली एकुलती एक डिस्क मेली आणि तिच्याबरोबर एका घरचं अख्खं लग्न गेलं. राजकुमारनं हात जोडले, पैसे परत केले. मुलीच्या बापानं शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. पण तो माणूस आजही बाजारातून जाताना दुकानासमोर आला की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालतो. स्नेहलताला ते पाहवत नसे. तेव्हापासून तिचा नियम होता की दोन कॉप्या एका छपराखाली झोपवायच्या नाहीत.

आणि हा नियम यंदाच्या खंडेनवमीला तिनं स्वतःच्या हातानं मोडला.

अष्टमीच्या दिवशी सकाळी दुकानात एक बाई आली. पन्नाशीची, नऊवारीतली, पायात प्लास्टिकची चप्पल. दुसरबीडहून पहिल्या एसटीनं आली होती. नाव रुखमाबाई. काउंटरवर एक चिठ्ठी ठेवून ती नुसती उभी राहिली. चिठ्ठी वकिलाची होती.

स्नेहलतानं चिठ्ठी वाचली आणि बाईला आत बसवलं. रुखमाबाईचा मुलगा गोविंदा पाच महिन्यांपासून तुरुंगात होता. वैशाखात त्यांच्या गावाकडे शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडण झालं, एका माणसाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली आणि तो दवाखान्यात मेला. भांडणात गोविंदाचा चुलतभाऊ होता. रिपोर्टात सहा नावं लिहिली गेली, त्यात गोविंदाचंही. वर त्या दिवशी गोविंदाचा फोन त्या चुलतभावानं मागून नेलेला, आणि तो फोन तिथंच धुऱ्यावर सापडलेला.

“आन् पोरगा इथं होता, चिखलीले,” रुखमाबाई म्हणाली. “मंगल कार्यालयात वाढाले आलता. आचाऱ्याच्या हाताखाली. दुपारभर पंगतीत होता माय तो.”

लग्नात दोन हजार माणूस जेवून गेलं, पण वाढप्याचा फोटो कोण काढतो? पाहुण्यांच्या फोनमध्ये नवरा होता, नवरी होती, आइस्क्रीम होतं. कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांत पुसलं गेलेलं. आचारी आणि त्याचे चार वाढपी पोलिसांकडे सांगून आले, पण एका गावचे, एका पंगतीचे म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. वकिलानं शेवटी विचारलं होतं, की लग्नाचं शूटिंग कुणी केलं?

शूटिंग ‘पुष्पांजली फोटो’नं केलं होतं. लग्नाच्या तयार सिनेमात पंगत अर्ध्या मिनिटाची होती, त्यात नवरी नवऱ्याला घास भरवते तेवढंच. पण कापून टाकलेलं सगळं स्नेहलता जपून ठेवायची. तिनं तो फोल्डर उघडला आणि एकेक क्लिप पळवत गेली. रुखमाबाई स्टुलावर अगदी टोकाला बसली होती.

सव्वाशेव्या की कितव्या क्लिपमध्ये तो दिसला. हातात वरणाची बादली, खांद्यावर गमछा. राजकुमारनं कॅमेरा पंगतीवरून फिरवला तेव्हा गोविंदा मध्येच आला, आपण आडवे आलो हे कळून ओशाळं हसला आणि बाजूला झाला. मागं कार्यालयाचं भलं मोठं घड्याळ, त्यात एक वाजायला दहा मिनिटं. खाली फाईलवर तीच तारीख, तीच वेळ. डोक्यात कुऱ्हाड बसली होती साडेबारा-पाऊणच्या सुमाराला, दीड तासाच्या रस्त्यावर.

रुखमाबाईनं पुढं होऊन पडद्याला हात लावला. “बारीक झाला नवता तवा,” ती म्हणाली. मग तिला एकदम रडू फुटलं आणि स्नेहलतालाही आवरलं नाही.

“आताच देता येते का मले हे?” डोळे पुसत रुखमाबाईनं विचारलं.

स्नेहलतानं वकिलाला फोन लावला. त्याचा आवाज आनंदानं चढला होता. त्यानं बजावलं, की नुसती कॉपी नको, मूळ फाईल पाहिजे, त्यासोबत दुकानाच्या सही-शिक्क्याचा कागद पाहिजे. मी स्वतः दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, तोवर त्याला कुणी हात लावू नका. जामिनाची तारीख त्यानंतरच्या सोमवारी होती.

“तीन दिवसांचा प्रश्न आहे, मावशी,” स्नेहलता म्हणाली. “काळजी करू नका. माझ्याकडे दोन-दोन ठिकाणी ठेवलेलं आहे. एक इथं, एक घरी. एकाचं काही झालं तरी दुसरं आहेच.”

हे सांगताना तिला मनातून फार बरं वाटलं. चार वर्षं हसणाऱ्यांना आज उत्तर मिळालं होतं. माणसाला आपल्या शहाणपणाचा असा कैफ चढला ना, की पायाखालचं दिसत नाही. रुखमाबाईच्या पिशवीत साधा बटणाचा फोन होता. पण स्नेहलताचा चांगला मोठा फोन तिथंच टेबलावर पडला होता. तो उचलून पडद्यावरची क्लिप टिपून घ्यायला दोन मिनिटं लागली असती. तिला ते सुचलं नाही.

पायाखाली काही चाललंय, याच्या खुणा तशा आठवडाभर दिसत होत्या. कुणी काम करत नसतानाही कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत सुटायचा, मग आपोआप गप्प व्हायचा. एकदा तर माउस टेबलावर तसाच पडलेला असताना पडद्यावरचा बाण सरकल्यासारखा तिला वाटला. अँटीव्हायरसचं ते कोपऱ्यातलं चिन्ह दिसेनासं झालं होतं. तिनं विचारलं तेव्हा राजकुमार म्हणाला, “ते मीच बंद केलं. एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर टाकलं ना, फुकटात भेटलं. ते त्याले चालू देत नवतं.”

“मग आता सुरू करा ना परत.”

“करतो. दसरा तर होऊ दे.”

लग्नसराईच्या ऑर्डरी येऊन राहिल्या होत्या, दुकान रंगवायचं होतं, आणि स्नेहलतानंही मग त्याकडे कानाडोळा केला.

नवमीला पुंजाजींची हत्यारपूजा. म्हातारा रीळाच्या जमान्यातला फोटोग्राफर. डार्करूममध्ये उभं आयुष्य गेलेलं. बाकी कशात तो पडत नसे, पण नवमीचा दिवस त्याचा. जुना कॅमेरा, नवा कॅमेरा, स्टँड, दिवे, दिव्यांच्या छत्र्या, फोटो कापायची सुरीसुद्धा, सगळं धुऊन-पुसून एका ठिकाणी मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. आणि पूजेत हत्यार जागं पाहिजे, हा त्याचा स्वतःचा कायदा. डार्करूमचा लाल दिवा तो त्या दिवशी रात्रंदिवस पेटता ठेवायचा. डार्करूम गेली, तेव्हापासून कॉम्प्युटर चालू राहायचा.

निळ्या डिस्कला स्नेहलता दरवर्षी घरीच कपाटात हळदकुंकू लावून मोकळी व्हायची. यंदा म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. वर्ष वाईट गेलं होतं. राजकुमार गाडीवरून पडून महिनाभर प्लास्टरमध्ये होता, नवा कॅमेरा विहिरीपाशी हातातून सुटला, दोन ऑर्डरी मोडल्या.

“एक हत्यार पूजेच्या बाहीर राह्यते म्हणून हे होऊन राह्यलं,” पुंजाजी म्हणाले. “घरातलं ते निळं आण, सूनबाई. यंदा समदे एका जागी पाह्यजेत.”

“मामाजी, ते घरीच राहू द्या ना. ते वेगळं ठेवायचंच म्हणून ठेवलंय.”

“एका दिवसानं काय जाते वं?” राजकुमार मध्ये बोलला. “उद्या ने परत.”

सणाच्या दिवशी घरात तोंड वाजवायचं तिच्या जिवावर आलं. ती घरी गेली, कपाट उघडलं. डिस्क हातात घेतली आणि परत साड्यांखाली सारली. तिनं स्वतःलाच रागावलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, असं बजावलं आणि डिस्क पर्समध्ये टाकली.

पूजा दुपारी बाराला झाली. सगळं मांडून झाल्यावर पुंजाजींनी निळ्या डिस्ककडे बोट दाखवलं. काळीचा दिवा लागलेला, निळी मात्र नुसती फुलांत पडलेली.

“हे काऊन मेल्यासारखं पडलं? लाव त्याले.”

स्नेहलतानं वायर लावली. निळीच्या पोटात बारीक घरघर झाली आणि तिचाही दिवा लागला. सासऱ्यांनी दोन्ही डिस्कना, कॉम्प्युटरला कुंकू लावलं, आरती झाली, बाजूला समई ठेवली. पेढे वाटून शटर ओढलं आणि सगळे जेवायला घरी गेले. कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू आणि दिवसभर समोर कुणीच बसणार नाही, अशी ती दुपार होती.

पाच वाजता समईत तेल घालायला स्नेहलता परत आली. पुंजाजी आधीच येऊन दारापाशी खुर्ची टाकून बसले होते, माळ ओढत. आत शिरताच तिला पंख्याचा आवाज आला. साधा नाही, लग्नाचा तीन तासांचा सिनेमा तयार करताना येतो तसा. दोन्ही डिस्कचे दिवे लुकलुकत होते, न थांबता, एकाच लयीत. काही कॉपी होत असतं तेव्हाच ते दिवे तसे लुकलुकतात. आणि तिनं तर काही लावलेलं नव्हतं.

पडदा काळा होता. माउस हलवला असता तर काय चाललंय ते कळलं असतं. तिनं हात पुढे केला.

“हात नको लावू,” दारातून आवाज आला.

“मामाजी, मशीन काहीतरी करून राह्यलं. दिवे पाहा ना.”

“जागं हाये. चांगलं हाये.”

“हे जागं नाही, हे चालतंय. मी फक्त निळीची वायर काढते. नुसती वायर.”

म्हातारा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा रागीट नव्हता, घाबरलेला होता, आणि त्यानंच ती अडली. “कुंकू लागलं सूनबाई. मोडू नको. गाडीवरून पडला तवा त्याचं डोस्कं वाचलं, एवढ्यावर भागलं. पुढच्या वेळी काय व्हईन, सांग मले.”

तिनं राजकुमारला फोन केला. तो मित्राकडे होता, मागं हसण्याचे आवाज येत होते. “अपडेट होऊन राह्यलं असंन वं. मशीन रिकामं सापडलं का ते अपडेटच करते. बाबाले कायले दुखवते? सकाळी पाहू.”

तिनं फोन ठेवला आणि तिथंच उभी राहिली. गोविंदा तिच्या डोळ्यांपुढं आला, बादली घेऊन ओशाळं हसणारा. त्याचं सगळं आयुष्य त्या दोन डब्यांत होतं आणि दोन्ही डबे तिच्यापासून हातभर अंतरावर होते. एक वायर ओढायची होती. म्हातारा तिच्याकडे पाहत होता, आणि तिच्या मनात एकाएकी आलं, की मी वायर ओढली, आणि खरंच ह्या घरात उद्या काही झालं तर? शिकलीसवरलेली बाई ती. पण त्या क्षणी ती घाबरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिनं समईत तेल घातलं, वात पुढे सारली आणि ती बाहेर आली. चालताना तिला पाठीमागं तो पंखा बराच लांबपर्यंत ऐकू येतोय असं वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता तिनं शटर वर केलं. आत सगळं शांत होतं. पंखा नाही, दिव्यांची लुकलुक नाही. काम संपलं होतं. तिनं माउस हलवला.

पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर होता. तुमच्या सगळ्या फाईली आमच्या कुलपात आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक पत्त्यावर लिहा, असा. तिनं तो बाजूला केला आणि काळी डिस्क उघडली. फोल्डर जागेवर होते, लग्नांची नावं जागेवर होती. फक्त प्रत्येक फाईलच्या नावापुढे कसलीशी अक्षरांची शेपटी लागली होती आणि एकही फाईल उघडत नव्हती. मग तिनं निळी उघडली. उघडण्याआधीच तिला माहीत होतं.

पंगतीच्या त्या क्लिपवर तिनं वीस वेळा तरी क्लिक केलं असेल. त्या वेळी तिच्या तोंडून आवाज निघाला तो ऐकून शेजारचा भांडेवाला धावत आला.

राजकुमारनं जालन्याच्या एका माणसाला फोन लावला, गेलेला डेटा काढून देणाऱ्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. असल्या गोष्टी आत येऊन आठ-आठ दिवस गप्प बसतात, तो म्हणाला, आणि सुटीच्या दिवशी कामाला लागतात. मशीन चालू असतं, समोर माणूस नसतो. अशी कुलपं आजवर आपल्याच्यानं उघडली नाहीत. “दुसरी कॉपी असेल ना बाहेर कुठं?” त्यानं विचारलं. “जी मशीनला लावलेली नव्हती?”

राजकुमारनं बापाकडे पाहिलं. पुंजाजी दारातल्या खुर्चीवर बसून होते, माळ हातात तशीच. कॅमेऱ्याची कार्डं शोधून झाली. वैशाखातली कार्डं आषाढात पुसून पुन्हा वापरलेली. मेमरी कार्ड काय, जुना पेनड्राइव्हदेखील स्नेहलतानं पालथा घातला.

अकराच्या सुमारास रुखमाबाई आली. यायचं वकिलानं होतं, तेही दुसऱ्या दिवशी. ती सणाची म्हणून आली होती. ठेवणीतलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिनं कमरेच्या पिशवीतून आपट्याची पानं काढली आणि आधी पुंजाजींच्या पायांवर ठेवली, मग स्नेहलताच्या हातात दिली.

“घे माय सोनं. काल तुरुंगात भेट झाली, सांगतलं त्याले. रडला, मंग हसला. सोमवारी सुटतो म्हणे मी.” ती स्टुलावर बसली, पदर सारखा केला. “एक डाव दाखव ना त्याले. लई नाई, थोडंसंच.”

राजकुमार स्नेहलताच्या मागं येऊन उभा राहिला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, “वकिलाले कळवू आपण. हिले आता नको सांगू. म्हण मशीन बिघडलं.” त्याला कोर्टाची भीती वाटत होती, मेलेल्या माणसाच्या भावकीची वाटत होती आणि दुकानाच्या नावाचीही वाटत होती. त्यालाही दोष कसा द्यावा?

पण स्नेहलतानं सांगितलं. सगळं सांगितलं. डिस्क घरून आणली, वायर लावली, पाच वाजता दिवे पाहिले आणि हात मागं घेतला, काही लपवलं नाही. कुलूप, किल्ली, शेपटी यातलं रुखमाबाईला किती कळलं कोण जाणे. ती ऐकताना एकदा पडद्याकडे आणि एकदा स्नेहलताकडे पाहत होती.

“दुसऱ्या ठिकाणचं?” तिनं विचारलं.

“तेही गेलं, मावशी.”

बाहेर बाजारात कुणीतरी कुणाला सोनं देत होतं, हसत होतं. पुंजाजींनी पायांवरची पानं उचलून हातात धरली होती, ती कुठं ठेवावीत ते त्यांना कळत नव्हतं.

“मी येते कोर्टात,” स्नेहलता म्हणाली. “मी सांगते. मी या डोळ्यांनी पाह्यलंय त्याला, घड्याळ पाह्यलंय. शपथेवर सांगते. कुणी काही म्हणो घरात, मी येते.”

रुखमाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, रागानं नाही, लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. मग स्टुलावरून उठता उठता ती म्हणाली,

“ये माय. आचाऱ्यानंही पाह्यलाच होता ना त्याले. चार वाढप्याइनंही पाह्यला होता. तुयं नाव सहावं.”